गाजराचं बी घरचं धरायचं असेल तर गाजर बाजारात जाण्याआधी निवडा

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं रान सांगली-तासगाव पट्ट्यात. कवलापूरचं गाजर तुम्हाला माहीत असेलच. त्या बाजूला आणि आसपास लाल गाजर करणारी बरीच घरं बी दुकानातून आणत नाहीत, घरचंच पेरतात. आमच्याकडेही तसंच आहे. सध्या भोगीच्या बाजारासाठी काढणीची घाई चाललीय, म्हणून हा विषय आत्ताच काढतोय. पुढच्या वर्षीचं बी या पंधरा-वीस दिवसांतच ठरतं.

शिवारात फिरताना एक गोष्ट खटकते. चांगलं, सरळ, लालभडक गाजर धुऊन पोत्यात जातं आणि बियाला राहतं ते उरलंसुरलं: फाटे फुटलेलं, चिरलेलं, बारकं. काही जण तर वाफ्यात ज्या झाडाला आधीच फुलाचा दांडा आलाय तेच बियाला सोडतात, म्हणजे जागा वाया जात नाही. माझं ठाम मत आहे की घरचं बी बिघडतं ते इथंच. लवकर दांड्यावर येणाऱ्या झाडाचं बी धरलं की त्याची पोरंही लवकर दांड्यावर येणार. असं चार-सहा हंगाम चाललं की निम्मा वाफा गाजर भरायच्या आधीच फुलायला लागतो, आणि मग लोक म्हणतात, "देशी वाण उतरला." वाण उतरला नाही, आपण तो उतरवला.

आमच्या घरी असं करतात. गणपती उठले की पेरणी. पहिली काढणी डिसेंबरात येते, तेव्हाच बियाची गाजरं काढतो. त्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी बोलवत नाही. आदल्या दिवशी हलकं पाणी द्यायचं, म्हणजे उपटताना शेंडा तुटत नाही. उपटलेली गाजरं बांधावर ओळीनं मांडायची आणि मग निवडायची. पाला थोडा, मान बारीक, खांदा हिरवा पडलेला नसावा, अंगावर केसाळ मुळ्या नसाव्यात, फाटा नसावा, चीर नसावी. आकारानं सगळ्यात मोठं घेऊ नये. मोठं गाजर बऱ्याचदा शेजारी जागा मोकळी होती म्हणून फुगलेलं असतं. दाट जागेतून जे चांगलं निघालं ते आधी घ्या.

मग खरी परीक्षा. खालचा एक तृतीयांश भाग विळ्यानं आडवा कापायचा. आतला गाभा दिसतो. गाभा बारीक हवा आणि त्याचा रंग बाहेरच्या गराशी मिळताजुळता हवा. गाभा पिवळट, जाड, लाकडासारखा दिसला की ते गाजर बाजूला. कापलेला तुकडा आमच्या घरी आई चावून बघते. गोडी नसेल तर रंग कितीही चांगला असला तरी ते पुन्हा मातीत जात नाही. वरचा पाला चार बोटं ठेवून छाटतो. काप एक रात्र सावलीत सुकू देतो, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवतो आणि दुसऱ्या दिवशी लावतो.

तुमच्याकडे कसं करतात? खास करून किती गाजरं ठेवता आणि बी किती पडतं ते लिहा.

माणदेशी

दादा, विषय छान काढलात. आम्ही खटावकडचे, गाजर थोडंच असतं, बहुतेक घरापुरतं आणि आठवडी बाजारापुरतं. आमच्या वडिलांनी दर वर्षी दहा-बारा गाजरं परड्यात लावायची आणि त्याचंच बी धरायचं. अलीकडं गाजर बारीक येतंय, उगवणही विरळ आहे. खत वाढवून फरक पडला नाही. बी हेच कारण असेल का?

कृषिपदवीधर

@माणदेशी, हेच कारण असण्याची शक्यता जास्त. गाजर परपरागीभवनाचं पीक आहे. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात, पराग गळून जातात आणि त्यानंतर स्त्रीकेसर तयार होतो. त्यामुळे एका फुलाला स्वतःचा पराग सहसा लागतच नाही, दुसऱ्या फुलाचा, दुसऱ्या झाडाचा लागतो. हे काम माश्या-मधमाश्या करतात. दहा-बारा झाडांत वर्षानुवर्षं तेच-तेच रक्त फिरत राहिलं की वाण कमजोर होतो. उगवण कमी, वाढ खुरटी, बी हलकं. भात-गहू स्वपरागी असतात, त्यांना चार लोंब्यांचं बीही चालतं. गाजर, मका, कांदा यांना नाही चालत.

कमीत कमी साठ झाडं धरा. दोनशे जमली तर फारच चांगलं. जागा फार लागत नाही. दोन फूट बाय दीड फुटावर लावलं तर एका गुंठ्यात साडेतीनशेच्या वर झाडं बसतात. आणि सध्या गावातल्या दुसऱ्या कोणाकडं तोच लाल वाण घरचा असेल तर त्यांची तीस-चाळीस गाजरं मागून घ्या आणि आपल्यात मिसळून लावा. एकाच हंगामात जोम परत आलेला दिसेल.

येरळाकाठ

साडेतीनशे झाडं हा आकडा बरोबर आहे, आम्हीही साधारण गुंठाभरच लावतो. पुस्तकात हेक्टरी चार-पाच क्विंटल बी सांगतात, म्हणजे गुंठ्याला चार-पाच किलो. आमच्याकडे मार्चमध्ये ऊन कडक झालं की त्यापेक्षा कमी पडतं. पण एकराला दोन-अडीच किलो बी धरलं तरी घरचं भागून शेजाऱ्याला द्यायला उरतं.

लागवडीचं एक सांगायचं राहिलं. गाजराची मान जमिनीच्या बरोबरीनं ठेवायची. खोल गाडलं तर कोंब कुजतो, वर राहिलं तर वाळतो. पहिलं पाणी बेताचं द्या. कापलेली गाजरं आहेत ती, चिखलात सडतात. आठ-दहा दिवसांत मधला पाला हिरवा दिसला की पुढं काळजी नाही.

गुंठाभर_रान

मी इस्लामपूरजवळचा. आम्ही गाजर उपटतच नाही. वाफ्याचा एक कोपरा तसाच सोडतो, तिथंच दांडा येतो, तिथंच बी होतं. मजुरी वाचते आणि बी जास्त पडतं. मूळ न कापल्यामुळे झाड जोमदार असतं. उपटून-कापून परत लावायचा उपद्व्याप कशाला, हे मला कळलेलं नाही.

येरळाकाठ

भाऊ, बी जास्त पडतं हे मान्य. पण तुम्ही कोणत्या गाजराचं बी धरताय हे तुम्हाला दिसतं का? मातीखाली ते फाटकं आहे का, गाभा केवढा आहे, रंग कसा आहे, काहीच कळत नाही. वरचा पाला झकास आणि खाली तीन पाय फुटलेलं गाजर, असं किती वेळा निघतं ते आपण सगळे जाणतो.

कृषिपदवीधर

दोन्ही पद्धती शास्त्रात मान्य आहेत, फक्त त्यांची कामं वेगळी. मूळ बियाणं शुद्ध ठेवायचं असेल तर मुळं उपटून, निवडून, परत लावतात. त्या शुद्ध बियाण्यापासून विक्रीचं भरपूर बी करायचं असेल तर जागेवरच वाढवतात. त्यामुळे @गुंठाभर_रान यांनी एक वर्षाआड निवडीची पद्धत केली तरी मधलं वर्ष जागेवरचं बी चालून जाईल. दर वर्षी जागेवरच करत राहिलं तर वाण हातातून सुटतो.

गुंठाभर_रान

एक वर्षाआड जमेल. यंदा शंभर गाजरं निवडून बघतो.

सातारकर_ताई

मला केशरी गाजराबद्दल विचारायचं आहे. आमच्याकडे हॉटेलवाल्यांना केशरी लागतं. दुकानातून आणलेल्या पाकिटातलं गाजर फार सुंदर आलं होतं. त्यातली निवडून परत लावली, पाला भरपूर आला, पण दांडाच आला नाही. मे महिन्यात सगळी कुजून गेली. जमीन काळी आहे, निचरा बरा आहे. काय चुकलं असेल?

कृषिपदवीधर

ताई, काही चुकलं नाही. हा वाणाचा स्वभाव आहे. गाजर मुळात दोन वर्षांचं पीक: पहिल्या वर्षी मूळ, मग थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी फूल. आपल्या देशी लाल गाजराला ही थंडी थोडी पुरते, सांगली-साताऱ्यातला डिसेंबर-जानेवारी त्याला चालतो. नान्टीस, शान्तने यांसारख्या युरोपीय केशरी वाणांना दहा अंशांच्या खालचं तापमान सलग दीड-दोन महिने लागतं. ते आपल्याकडे मिळत नाही. म्हणून त्यांचं बी डोंगरात करतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र कुलू खोऱ्यात कटराईन इथं आहे ते त्यासाठीच.

मधला मार्ग हवा असेल तर पुसा केसर हा वाण बघा. स्थानिक लाल आणि नान्टीस यांच्या संकरातून तो निवडलेला आहे आणि त्याचं बी मैदानी भागात होतं. पुसा मेघाली केशरी गराचा आहे, त्याचंही बी मैदानात धरता येतं. तुमच्या हॉटेलवाल्यांना तो पसंत पडेल का ते एक वाफा करून पाहा.

दुसरी गोष्ट, पाकिटावर संकरित लिहिलंय का ते तपासा. संकरित असेल तर दांडा आला असता तरी उपयोग नव्हता. पुढच्या पिढीत एकसारखेपणा राहत नाही. शिवाय संकरित बी करताना नरवंध्य मादी वापरतात, त्यामुळे बऱ्याचदा त्या झाडांच्या फुलांत परागच नसतो.

सातारकर_ताई

संकरितच होतं. आता कळलं. एक कल्पना आली. तासगावकडे बेदाण्याची इतकी शीतगृहं आहेत. केशरी गाजरं तिथं दोन महिने ठेवून मग लावली तर?

कृषिपदवीधर

विचार बरोबर आहे, संशोधनात असंच करतात. साधारण पाच अंशांवर सहा ते दहा आठवडे. अडचण दोन ठिकाणी येईल. गाजराला खोलीत भरपूर ओल हवी, नाहीतर ती सुकून मऊ पडतात. बेदाण्याला ओल अजिबात चालत नाही. ओल्या वाळूत किंवा ओल्या गोणपाटात ठेवून वरून छिद्रं पाडलेला प्लास्टिक कागद लावावा लागेल आणि शीतगृहवाल्यानं ते मान्य करायला हवं. दुसरं, वेळ. ऑगस्टमध्ये पेरून नोव्हेंबरात गाजर तयार, मग जानेवारीच्या मध्यावर लागवड. त्याच्या पुढं गेलात तर फुलोरा एप्रिलच्या उन्हात सापडेल आणि बी पोचट राहील. साध्या सरळ वाणावरच करा, संकरितावर नको.

बीजराखी

मी शिराळा तालुक्यातली. आमच्या गटाच्या बायका भाजीपाल्याचं बी ठेवतात. गाजरात आम्हाला सगळ्यात जास्त त्रास काढणीला होतो, म्हणून त्यावर लिहिते.

गाजराच्या छत्र्या, म्हणजे छत्रीसारखे फुलांचे गुच्छ, एकदम पिकत नाहीत. मधल्या मुख्य दांड्यावरची छत्री सगळ्यात आधी फुलते आणि सगळ्यात मोठी असते. तिच्या मागून बाजूच्या फांद्यांवरच्या, मग त्यांच्या उपफांद्यांवरच्या. पहिल्या दोन फळ्यांतलं बी भरीव असतं. तिसऱ्या-चौथ्या फळीचं बी बारीक आणि कच्चं, ते आम्ही धरतच नाही. वेळ आणि पाणी त्याच्यावर घालवण्यात अर्थ नाही. छत्री पिकली की तपकिरी होते आणि कडा आत वळून पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसते. तेव्हाच कापायची. सगळा वाफा एकदम कापायचा नाही, तीन-चार वेळा फिरावं लागतं. आम्ही पहाटे दव असताना कापतो, उन्हात हात लागला की बी झडतं. पदर किंवा टोपली खाली धरायची.

ताडपत्रीवर सावलीत आठवडाभर वाळवून मग हातानं चोळतो. गाजराच्या बियाला बारीक कुसळं असतात, त्यामुळे बी एकमेकांना चिकटून गुंता होतो. तळहातावर दाबून चोळलं की कुसळं निघतात. मग चाळायचं आणि सुपानं पाखडायचं. वाऱ्याच्या दिवशी पाखडू नका, एका ग्रॅममध्ये सात-आठशे बी बसतं, काडीकचऱ्याबरोबर चांगलं बीही उडून जातं.

माणदेशी

ताई, साठवण कशात? आमचं बी पावसाळ्यात मऊ पडतं.

बीजराखी

मे महिन्यातलं कोरडं ऊन हीच खरी साठवण आहे, दादा. सकाळच्या उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस द्या, दुपारचं कडक ऊन टाळा. रोहिणी निघायच्या आत डबा बंद झाला पाहिजे. आम्ही काचेची घट्ट झाकणाची बरणी वापरतो. तळाला चाळलेली, तव्यावर भाजून गार केलेली राख, त्यावर कागद, वर कापडी पुरचुंडीत बी. बरणी पेरणीपर्यंत उघडायची नाही. कापडी पिशवीत टांगून ठेवलेलं बी शिराळ्याच्या पावसात टिकत नाही, तुमच्या माणात कदाचित टिकेल.

पुरचुंडीत चिठ्ठी टाका: वाण, वर्ष आणि गाजरं कोणाच्या रानातली होती ते.

कृषिपदवीधर

बियातली ओल आठ टक्क्यांच्या आत हवी, प्रमाणित बियाण्याचा नियमही तोच आहे. हवाबंद डब्यात त्याहून कमी. बियातली ओल एका टक्क्यानं उतरली की आयुष्य साधारण दुप्पट होतं असा जुना ठोकताळा आहे. नीट वाळवलेलं गाजराचं बी तीन वर्षं आरामात वापरता येतं.

आडवाट

थोडा वेगळा प्रश्न. आमच्या वाफ्याला लागून कोथिंबीर बियाला सोडलीय आणि पलीकडे शेपू आहे. छत्र्या सारख्याच दिसतात. संकर होईल का?

येरळाकाठ

नाही होणार. कोथिंबीर, शेपू, ओवा, बडीशेप एकाच कुळातली, पण गाजराशी त्यांचा संकर होत नाही. उलट त्यांची फुलं असली तर माश्या जास्त येतात, फायदाच आहे. भीती फक्त दुसऱ्या गाजराची. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणाच्या फुलोऱ्यापासून आठशे मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्याला, म्हणजे ज्यापासून पुढं प्रमाणित बी करतात त्याला, हजार मीटर.

एवढं अंतर आमच्यासारख्या गाजराच्या शिवारात कुठून आणणार, असं वाटेल. पण खायच्या गाजराला फूल यायच्या आत ते उपटलं जातं, त्यामुळे शेजारी दहा एकर गाजर असलं तरी ते आड येत नाही. आड येतं ते शेजाऱ्याच्या वाफ्यात राहून गेलेलं, दांड्यावर आलेलं केशरी गाजर. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही आजूबाजूला फिरतो आणि असं झाड दिसलं की मालकाला सांगून उपटतो. आजवर कोणी नाही म्हणालेलं नाही. वस्तीवरच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच ठिकाणी बियाचा गुंठा केला तर सगळ्यात उत्तम. प्रत्येकानं आपापल्या रानातली निवडलेली पन्नास गाजरं आणायची, बी सारखं वाटून घ्यायचं. झाडांची संख्या वाढते, राखण एकाची, आणि मिसळीची भीती कमी.

सातारकर_ताई

मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर फरक पडतो का? आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, तिकडचं मांघर तर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पेट्या मिळू शकतात.

कृषिपदवीधर

नक्की पडतो. गाजराला परागीभवन कमी झालं की छत्री दिसायला भरलेली आणि बी पोचट, असं होतं. फुलोऱ्याच्या वेळी पेट्या आणा. आणि त्या काळात कीटकनाशक मारू नका. मावा येतो, तो फुलं उमलायच्या आधीच आटोक्यात आणा. अगदीच वेळ आली तर माश्या परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर निंबोळी अर्क. भुरीवरही, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या बुरशीवरही, लक्ष ठेवा.

गुंठाभर_रान

दांडा चार-पाच फूट जातो, वळवाच्या वाऱ्यात आमचा सगळा आडवा झाला होता. काय करता?

येरळाकाठ

मातीची भर दोन वेळा, आणि वाफ्याच्या दोन्ही अंगाला बांबू रोवून सुतळीच्या दोन ओळी. द्राक्षबागेतून निघालेली जुनी तार असली तर तीच ताणा. गारपिटीला मात्र काही उपाय नाही, म्हणून डिसेंबरात लागवड उरका असं मी परत-परत सांगतोय. संक्रांतीनंतर लावलेल्याचं बी पिकायला मे उजाडतो आणि वळीव बरोबर तेव्हाच येतो. डिसेंबरातलं एप्रिलात हाताशी येतं.

आडवाट

शेवटचं विचारतो. असं बी शेजाऱ्याला विकलं तर कायद्यात अडकत नाही ना? कोणी तरी घाबरवलं होतं.

कृषिपदवीधर

2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 वाचा. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, परत पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे, अगदी संरक्षित, म्हणजे कोणी हक्क नोंदवलेल्या वाणाचंसुद्धा. अट एकच, संरक्षित वाणाचं बी नाव छापून, ब्रँड लावून विकायचं नाही. पुरचुंडीतल्या देशी लाल गाजराला तर काहीच अडचण नाही.

माणदेशी

येरळाकाठ दादा, तुमच्याकडची चाळीस गाजरं मिळतील का? आमच्यात मिसळून लावतो. आणि मागच्या वर्षीचं जुनं बी अर्धा किलो शिल्लक आहे, ते टाकून द्यावं का?

येरळाकाठ

या की, पुढच्या आठवड्यात निवड आहे. चाळीस काय, साठ घेऊन जा, पण निवडायला स्वतः बांधावर बसा. वाटेत ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि घरी पोचल्यावर लगेच लावा.

जुनं बी टाकू नका. शंभर बी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, रोज शिंपडा आणि चौदा दिवसांनी मोजा. गाजर सावकाश उगवतं, आठव्या दिवशी मोजून निराश होऊ नका. साठच्या वर आली तर बी चांगलं. चाळीस आली तर दीडपट पेरा. आणि दर वर्षी थोडं बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवाच, कारण एखादा हंगाम गारपिटीत गेला तर वाण त्या बरणीवरच टिकतो.